तुमचा लिफ्टर सपाट, आणि दोष माझ्या हातांना?

ऑक्टोबरात इंजिन गाडीतून बाहेर काढलं आणि मे महिन्याच्या शेवटी ते पुन्हा सुरू केलं. मधले आठ महिने माझी प्रत्येक सुट्टी गॅरेजच्या फरशीवर गेली. ते इंजिन अठरा मिनिटांत गेलं. आणि ज्यांनी मला भाग विकले, त्यांचा मागच्या आठवड्यात ईमेल आला : 'बसवताना चूक झाल्याचं दिसतं.'

कोणाला दिसतं? माझ्या गॅरेजमध्ये येऊन पाहिलं कोणी? एक तरी भाग परत मागवून मोजला? तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि आठवडा झाला तरी उतरत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गाडी १९६९ ची शेव्हर्ले इम्पाला. मुंबईत वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला इम्पाला म्हणजे काय हे सांगायला नको. इथे मिशिगनमध्ये ती मला एका शेतावरच्या गोठ्यात मिळाली, टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांची घरटी. पण इंजिन मूळचं होतं. उजव्या हेडसमोरच्या पट्टीवर कोरलेला नंबर 'व्ही'ने सुरू होतो, म्हणजे हे इंजिन फ्लिंटच्या कारखान्यात बांधलं गेलं, माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. ३५० घन इंचांचा स्मॉल ब्लॉक, आपल्या भाषेत ५.७ लिटर. शेव्हर्लेने हा स्मॉल ब्लॉक १९५५ मध्ये काढला आणि २०११ मध्ये या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बाहेर पडलं. दहा कोटी! हे काही जगात तीनच उरलेलं दुर्मिळ यंत्र नाही. याचा एकेक बोल्ट, एकेक माप गेली कित्येक वर्षं लोकांना तोंडपाठ आहे. आणि तरीही याचा एक लिफ्टर धड करता येत नाही?

लिफ्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा राग तिथेच अडकला आहे. कॅमशाफ्ट हा सोळा उंचवट्यांचा दांडा. प्रत्येक उंचवट्यावर एक लिफ्टर बसतो, बोटाच्या दोन पेरांएवढा. उंचवटा फिरत वर आला की लिफ्टर उचलला जातो आणि पुढे पुशरॉड, रॉकर करत व्हॉल्व्ह उघडतो. या जुन्या प्रकाराला फ्लॅट टॅपेट म्हणतात, पण लिफ्टरचा तळ सपाट नसतो. तो किंचित फुगीर असतो, इतका किंचित की डोळ्याला कळत नाही. कॅमचा उंचवटाही एका बाजूला एक-दोन थाऊ उतरता घासलेला असतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या फुगीरपणामुळे आणि उतारामुळे लिफ्टर वरखाली होताना स्वतःभोवती फिरत राहतो, आणि झीज त्याच्या सगळ्या तळावर वाटली जाते. सगळी अक्कल त्या फिरण्यात आहे. फिरायचा थांबला, की लोखंड एकाच रेघेवर लोखंडाला घासतं आणि काही मिनिटांत उंचवटा पुसला जातो.

कारखान्यातून आलेले लिफ्टर पन्नास-पन्नास वर्षं फिरत राहिले. माझ्या इंजिनातले जुनेही फिरत होते, झिजले होते पण फिरत होते. मीच ते काढून नवे घातले. याचा मला इतका त्रास होतो की काय सांगू.

आता मी काय केलं ते ऐका. ब्लॉक मशीन शॉपला दिला. जवळचं दुकान मालक निवृत्त झाल्यावर बंद पडलेलं, दुसऱ्या दुकानात नंबर लागायलाच अकरा आठवडे गेले. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, तीस थाऊ वाढवून घेतला, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दहा थाऊ ग्राइंड करून घेतला. ब्लॉक घरी आल्यावर तेलाच्या प्रत्येक वाटेतून ब्रश फिरवला, साबणाच्या गरम पाण्याने धुतला, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटायचा थांबेपर्यंत पुसला. बाहेर उणे पंधरा. गॅरेजमध्ये छोटा हीटर. रिंगांची फट प्रत्येक सिलिंडरमध्ये घालून फिलर गेजने मोजली, सोळा थाऊ, आठही ठिकाणी. मेन बेरिंगची फट दोन थाऊ. मेन कॅपचे बोल्ट ७० फूट-पौंडांवर. हेडचे बोल्ट प्रत्येक बाजूला सतरा, टप्प्याटप्प्याने ६५ पर्यंत, आणि या इंजिनात ते बोल्ट पाण्यात उतरतात म्हणून प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट. सगळं वहीत लिहिलं आहे, तारीख घालून.

ही वहीची सवय बाबांची. बाबा कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते. वालचंदांच्या त्या कारखान्यात त्यांच्या आधीच्या पिढीने अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या होत्या. घरी ते आम्हा भावंडांच्या हातात मायक्रोमीटर देऊन वहीचा कागद मोजायला लावायचे. चार थाऊ आला की मान हलवायचे. 'मोजलं नाहीस तर केलं नाहीस,' एवढंच म्हणायचे. माझ्या हातांवर बोट दाखवणाऱ्यांना हे कसं कळणार?

कॅम मुद्दाम मूळच्या मापाचा घेतला. रेसचा नाही, उंच लिफ्टचा नाही, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगही मूळच्याच ताकदीच्या. कडक स्प्रिंग असल्या की नव्या कॅमवर फार दाब येतो, म्हणून लोक पहिल्या धावेला आतली स्प्रिंग काढून ठेवतात. माझ्याकडे तो प्रश्नच नव्हता. प्रत्येक उंचवट्यावर आणि प्रत्येक लिफ्टरच्या तळाला काळी मॉलिब्डेनमची पेस्ट लावली. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने तेलपंप फिरवून सोळाही रॉकरवर तेल येईपर्यंत थांबलो. तेलही साधं नव्हतं, खास नव्या कॅमसाठीचं, भरपूर जस्त असलेलं.

जस्ताबद्दल बोलावंच लागेल, कारण ही मंडळी त्याच्याच आड लपतात. पूर्वीच्या इंजिन ऑइलमध्ये झेडडीडीपी नावाचं रसायन भरपूर असायचं, जस्त आणि फॉस्फरसचं. घासणाऱ्या लोखंडावर ते एक पातळ थर धरतं. पण गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस मारतो, आणि इथे १९७५ पासून बहुतेक गाड्यांना तो कन्व्हर्टर आला. म्हणून तेलातला फॉस्फरस हळूहळू कमी करत आणला. इंजिन ऑइलच्या २००४ च्या अमेरिकन दर्जात, एपीआय एसएममध्ये, पातळ तेलांसाठी तो ०.०८ टक्क्यांवर बांधला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हवा स्वच्छ व्हायलाच हवी होती. जुन्या इंजिनवाल्यांसाठी वेगळं तेल मिळतं, जास्त पैसे देऊन मी तेच घेतलं, त्याची पावती आहे. मग मला पहिला प्रश्न 'जस्त घातलं होतं का?' असाच का? पावती पाठवल्यावर दुसरा प्रश्न, 'आयडलला चालू ठेवलं होतं का?' म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, मंद. नाही! सुरू होताक्षणी २००० आरपीएमच्या वर नेलं, कारण कॅमवर तेल क्रँकने उडवलेलं पडतं आणि आयडलला ते पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. आरपीएम २००० ते २५०० मध्ये बदलत ठेवायचे, वीस ते तीस मिनिटं. बायको मोबाइल धरून उभी होती, टॅकोमीटरसकट सगळं व्हिडिओत आहे. व्हिडिओही पाठवला. त्यावर उत्तर काय, तर 'बसवताना चूक.' कोणती चूक, ते सांगा ना! एक नाव घ्या त्या चुकीचं!

त्या दिवशी इंजिन पहिल्या फिरकीत लागलं. आठही सिलिंडर, तो आवाज, आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी. बाराव्या मिनिटाला टिकटिक ऐकू आली. एखादा लिफ्टर अजून तेल भरून घेत असेल असं मनाशी म्हटलं. सतराव्या मिनिटाला कार्ब्युरेटरमधून फट्कन आवाज आला, मग पुन्हा, मग सलग. त्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडत नाही, जळलेला वायू बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो इनटेकमधून उलटा येतो आहे. चावी फिरवून बंद केलं. अठरा मिनिटं.

डायल गेज लावून एकेक उंचवटा मोजला. एक्झॉस्टला २७३ थाऊ उचल हवी. पाच नंबरच्या सिलिंडरला ती ११० भरली. तीन नंबरलाही उतरती कळा लागली होती. तेलाचा फिल्टर कापून उघडला, तर घड्यांमध्ये राखाडी, चकचकीत लगदा. चुंबक धरलं की दाढीसारखा चिकटतो. पाच नंबरचा लिफ्टर वर ओढून निघेना, कारण तळाच्या कडेला घासून घासून धातूची धारदार कड बाहेर आली होती आणि तो आपल्याच भोकात अडकला होता. हा चुरा कुठे कुठे गेला असेल? तेल जिथे जातं तिथे सगळीकडे. नव्या बेरिंगांमध्ये, पंपात, पिस्टनच्या स्कर्टवर. म्हणजे सगळं इंजिन पुन्हा सुटं. ऑक्टोबरात होतो तिथे परत.

मग उरलेले चौदा लिफ्टर धुऊन टेबलावर घेतले. याला यंत्र लागत नाही. दोन लिफ्टरचे तळ एकमेकांवर टेकवून बोटाने ढकलायचं. दोन्ही फुगीर असतील तर वरचा डोलतो. सपाट असतील तर टाइल्ससारखे गप्प बसतात. चौदाही असे एकमेकांवर टेकवून तपासले, आणि नंतर त्या चौदांवर सरळपट्टी धरून मागे बॅटरी लावली. चौदांपैकी पाच सपाट. पाच! डबा उघडण्याआधीपासून ते सपाट होते. ते फिरणारच नव्हते. मी कितीही पेस्ट लावली असती, कितीही जस्त ओतलं असतं, ते कॅम खाणारच होते.

एवढी साधी तपासणी, दोन सेकंदांची. मी केली नाही कारण ती माझ्या कामात येतच नाही. बेरिंगची फट मोजायची ती बसवणाऱ्याने, ते माझं काम. लिफ्टरचा तळ घासून त्याला फुगवटा द्यायचा आणि तो आला की नाही हे पाहायचं, हे घडवणाऱ्याचं काम. विकणारा त्याचेच पैसे घेतो. डब्यावर जुनं, विश्वासाचं नाव छापायचं, आत काय भरलं आहे ते कोणी पाहायचं नाही, तो भाग कुठल्या देशात घडला ते डब्यावर लिहायचंही नाही. आणि इंजिन फुटलं की गिऱ्हाइकाच्या हातांवर खापर फोडायचं. चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात?

कारणं मला कळतात. शेव्हर्लेने १९८७ पासून गाड्यांच्या या इंजिनांत रोलर लिफ्टर, म्हणजे तळाला छोटं चाक असलेले, बसवले, बाकीचेही तिकडेच गेले. फ्लॅट टॅपेटचा खप घटला, घडवणारे थोडे उरले. ठीक आहे. मग सरळ सांगा की आम्हाला हे आता जमत नाही. विकू नका. मी रोलरचा सगळा संच घेतला असता, कॅम, लिफ्टर, पुशरॉड, हजार डॉलरच्या वर गेला असता, पण इंजिन तरी जगलं असतं.

आणि ज्याला हे सांगावं तो म्हणतो, 'एलएस टाक.' म्हणजे १९९७ च्या कॉर्व्हेटपासून आलेल्या घराण्यातलं नवं इंजिन घाल आणि मोकळा हो. डोंबिवलीहून भाऊ फोनवर म्हणाला, 'दादा, विकून टाक रे, किती त्रास करून घेतोस.' त्याच्यावर रागावलो नाही, तो काळजीने बोलतो. पण इथले लोक जेव्हा खांदे उडवून म्हणतात की हल्ली लिफ्टर असेच येतात, सगळ्यांचेच कॅम जातात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. सगळ्यांचेच जातात म्हणून ते चालवून घ्यायचं? शेजारी एक आजोबा राहतात, उमेदीची सगळी वर्षं फ्लिंटला काढलेले. त्यांना तो पाच नंबरचा उंचवटा दाखवला. त्यांनी अंगठा फिरवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आमच्या लाइनवरून असा तुकडा पुढे गेला असता तर मी त्या रात्री झोपलो नसतो.'

त्या ईमेलच्या शेवटी लिहिलं होतं की सद्भावना म्हणून नवा कॅम आणि सोळा लिफ्टर मोफत पाठवत आहोत. बेरिंग, गॅसकेट, तेल, मशीन शॉपची दुसरी फेरी आणि माझे आठ महिने यांतलं काहीही त्यात बसत नाही. काल तो डबा आला.

रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोळाही लिफ्टर ओळीत मांडले. बायकोने बॅटरी धरली. तेरा डोलले. सातवा, अकरावा आणि सोळावा गप्प बसले. तिन्हींच्या तळावर मार्करने गोल केले, सरळपट्टी धरून फोटो काढले, वहीत तारीख टाकली आणि डबा परत चिकटवला. पोस्ट नऊला उघडतं.