संस्कार होते, तरी दार बंद होतं

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आदर संस्कारातून येतो, कायद्यातून नाही. आपल्या संतांनी समता कधीच शिकवली होती. जातिभेदाविरुद्ध वरून कायदे लादले की उलट कटुता वाढते. ऐकायला छान वाटतं, म्हणूनच तर पुढे ढकललं जातं.

आधी संत, कारण त्यांचं नाव घेतलं की पुढे कुणी बोलत नाही. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या, चौदाव्या शतकातल्या चोखोबांचे अभंग वारीत सगळे गातात. त्यांची समाधी मात्र पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाबाहेर. त्यांच्या जातभाईंना आत पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजी गावोगाव फिरले, मे महिन्यात उपोषणाला बसले, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. मधल्या सहाशे वर्षांत संस्कार कमी पडले होते का? अभंग तर रोज चालू होते.

‘कायद्यानं काही होत नाही’ म्हणणारे महाडचं उदाहरण देतात, पण अर्धंच. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केलं, कागदावर. तो ठराव मोडला तर शिक्षा कुणालाच नव्हती, त्यामुळे दहशत होती तशीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्याचं पाणी प्यायले, तर त्या दिवशी त्यांच्या महाडच्या परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली, घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं आणि पालिकेनं आपला ठरावही मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला तो १९३७ मध्ये. म्हणजे महाडात फसला तो बिनदाताचा ठराव. पुढे संविधानाच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्यानं ती पाळणाऱ्याला शिक्षा ठेवली, ती हे पाहूनच ठेवली असणार.

गैरवापराची ओरड प्रत्येक कायद्याबाबत होते. ती तपासायला कोर्ट आहे.

राहता राहिली कटुता. जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या घराला दुकानदार उधारी सोडाच, रोखीनंही मीठ देत नाही. गिरणीवाला दळण परत पाठवतो. लग्नाचं बोलावणं येत नाही, आणि घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस मिळत नाही. ही कटुता नव्हती? होती, फक्त ती एकच घर सोसत होतं आणि बाकीचं गाव शांत दिसत होतं. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता पंचांनाही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागू शकतं. त्याला कटुता म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.