कापराच्या धुराने भिंतीवरची बुरशी मरत नाही

पावसाळा लागला की सांगलीत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: दारंखिडक्या लावून तीन रात्री कापूर-धूप जाळा, घरातली बुरशी मरते. हे खरं नाही. बुरशी जगते ओलीवर, आणि धुराने ओल हटत नाही. उलट बंद खोलीत धुराचे बारीक कण साठतात आणि दमेकऱ्याची धाप वाढते. म्हणून हा मेसेज पुढे पाठवू नका, कळकळीने सांगतोय.

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या घरात कपाट जरा पुढे ओढून बघा. मागे गिलाव्याचे पोपडे, त्यावर काळे-हिरवे ठिपके, कुबट वास. ते कोरड्या झाडूने झटकलं तर असंख्य बीजाणू हवेत उडतात. खिडकी उघडा, मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि भिंत खडखडीत वाळू द्या. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

नुसता रंग मारूनही भागत नाही. आत ओल असेल तर तो पुन्हा सुटतो. आधी गळका पाइप, गच्चीची भेग शोधा. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

देवापुढचा कापूर जरूर लावा, फक्त खिडकी उघडी असू द्या.