चिखल, छर्रा आणि कुंड

आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हा उभयतांना एका दिवसाची साहसी सहल पाठवली. सकाळी फोर बाय फोर जीप स्वतः चालवत डोंगर चढणे, त्यानंतर रायफलने नेमबाजी आणि सायंकाळी गरम पाण्याच्या नैसर्गिक कुंडात स्नान, असा क्रम तिच्या पत्रकात छापलेला होता. यांतील प्रत्येक गोष्ट सुटी सुटी घेतली, तर सुस्थितीतल्या कोणाही गृहस्थाने आनंदाने करावी अशीच आहे. परंतु त्या तिन्ही एका दिवसात कोंबणाऱ्याने नकाशा पाहिला होता, माणसाचे शरीर पाहिलेले नव्हते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जीपने हातांना कापरे भरवायचे, त्याच कापऱ्या हातांनी लगेच नेम धरायचा आणि अंग पुरते आंबून गेल्यावर ते कढत पाण्यात सोडायचे, या क्रमात काही शास्त्र असेल तर ते मला अखेरपर्यंत सापडले नाही.

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला साहस विकत घ्यावे लागू नये, हेही खरे. आमच्या गल्लीतले सत्तरीचे गृहस्थ पहाटे अजिंक्यतारा चढून उतरतात आणि मग चहा घेतात. शेजारच्या वहिनी दर वर्षी हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट धावून चढतात. मी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचीही स्पर्धेला गरज असते, अशी माझी समजूत आहे. मुलाच्या भेटीला नाही म्हणण्याची सोय मात्र नव्हती, कारण पैसे परत मिळणार नाहीत हे पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलेले होते, आणि ते वाक्य आमच्या सौभाग्यवतींनी सर्वांत आधी वाचले. शिवाय एकावर एक सवलत असल्यामुळे कोल्हापूरचे आमचे साडू आणि मेहुणी यांनाही निमंत्रण गेले.

निघण्यापूर्वी एक फॉर्म भरून द्यायचा होता. उंची, वजन, रक्तदाब, मणक्याचा विकार आणि शेवटी ‘माझ्या जिवाला काही अपाय झाल्यास त्यास मी स्वतः जबाबदार राहीन’ अशी कबुली. कर्जाची असंख्य कागदपत्रे लोकांकडून सही करून घेण्यात माझी सारी नोकरी सरली असल्यामुळे न वाचता सही करण्याचा आनंद प्रथमच मला मिळाला. संकटकाळी कोणाशी संपर्क साधावा, या रकान्यापाशी मात्र सौ. थबकल्या. “अहो, तुम्ही आणि मी एकाच जीपमध्ये असणार, मग एकमेकांचे नंबर देऊन उपयोग काय?” अखेर त्यांनी शेजारच्या वहिनींचा नंबर लिहिला. आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते, हे त्यामागचे कारण.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवसांत बाहेरगावची सगळी मंडळी फुलांसाठी कासकडे निघालेली असल्यामुळे आमचा टेंपो उलट्या दिशेने, उंब्रज आणि मल्हारपेठेवरून पाटणच्या अंगाला सुखाने गेला. डोक्यावर पठारावरच्या पवनचक्क्या आणि खाली भाताची खाचरे, अशा एका खासगी उतारावर जीप चालवण्याची वाट आखलेली होती. वाट म्हणजे चर, खड्डे, दगड आणि चिखल यांची विचारपूर्वक केलेली मांडणी. शिकवणारा मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा, अतिशय नम्र आणि दर वाक्याला मला ‘काका’ म्हणणारा होता. त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर खाली बसून किल्लीच्या टोकाने चारही टायरांतली हवा सोडली. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या माणसाशी एका आकड्यासाठी हुज्जत घालणाऱ्या माझ्यासारख्याला तो फुसफुस आवाज ऐकवेना. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, त्याची पकड वाढते आणि तो दगडाला टणकन उडण्याऐवजी दगडावर बसतो, असे त्याने समजावले. ते पटले, तरी जिवाला लागायचे ते लागलेच.

दुसरी सूचना अंगठ्यांची होती. एरवी आपण स्टिअरिंगला अंगठे आतून अडकवून धरतो. येथे ते बाहेर, स्टिअरिंगच्या कडेवर टेकवून ठेवायचे. पुढचे चाक दगडाला अडले की स्टिअरिंग झटक्यात उलटे फिरते आणि आत असलेला अंगठा मोडू शकतो. मोठ्या गिअरदांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो, तो ‘फोर एल’वर ओढला की जीप चालण्याच्या वेगाने सरकते, परंतु ताकद बरीच वाढते. उतारावर ब्रेकवर उभे राहायचे नाही आणि क्लचला तर शिवायचेही नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. हे सर्व मी मन लावून ऐकले आणि पहिल्याच उताराच्या तोंडाशी माझे दोन्ही पाय, मला न विचारता, क्लच आणि ब्रेक यांवर जाऊन उभे राहिले. जीप घरंगळली, आडवी झाली आणि एका चरात तिरकी रुतून बसली.

त्या अवस्थेत मी एक अद्भुत दृश्य पाहिले. मागचे एक चाक अधांतरी होते आणि तेच तेवढे गरागरा फिरत होते. त्याच्या जोडीचे, जमिनीला घट्ट टेकलेले चाक जागचे हलत नव्हते. ही डिफरेन्शियलची तऱ्हा असल्याचे त्या मुलाने सांगितले. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून ती व्यवस्था केलेली असते, पण एक चाक सुटे पडले की सगळे फिरणे त्याच्याच वाट्याला जाते. म्हणून अशा गाड्यांत ती दोन्ही चाके एकमेकांना जखडून टाकणारे लॉक बसवतात. मला त्यात समजण्यास अवघड असे काहीच नव्हते. ज्याचा जमिनीशी संबंध उरलेला नाही त्यानेच जोरात फिरायचे आणि ज्याच्यावर भार आहे त्याने गप्प बसायचे, ही व्यवस्था मी आमच्या शाखेत नोकरीभर पाहिलेली आहे. फक्त तेथे कोणी लॉक बसवले नाही.

लॉक लावूनही जीप निघेना, तेव्हा झाडाला रुंद पट्टा बांधून विंचने, म्हणजे तार गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राने, ओढण्याची तयारी सुरू झाली. खोडाची साल कापली जाऊ नये म्हणून पट्टा वापरायचा आणि तार ताणली जाताना कोणी तिच्या जवळ उभे राहायचे नाही, असे तो मुलगा गंभीरपणे सांगत होता. आम्ही सारे श्वास रोखून लांब उभे असताना वरच्या अंगाने एम-एटीवरून दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावलेले एक गृहस्थ आले. थांबले. चरात पडलेली जीप, झाड, पट्टा आणि आमचे चिखलाने भरलेले चेहरे त्यांनी क्रमाने पाहिले आणि अत्यंत आस्थेने म्हणाले, “पाव्हणं, रस्ता हिकडनं हाय की.” मग त्याच उतारावरून, दुधाचा थेंब न सांडता, ते खाली निघून गेले. त्यांच्या मागच्या टायरावर खाचा शिल्लक नव्हत्या, हे मी स्वतः पाहिले. शिकवणारा मुलगा बराच वेळ पट्ट्याची गाठ तपासत राहिला.

त्यानंतर सौ.नी स्टिअरिंग हाती घेतले. त्यांनी क्लचला पाय लावला नाही, कारण त्यांचा क्लचवर मुळातच विश्वास नाही. जीप निमूटपणे उतरली, चिखलातून चढली आणि दगडांवर एकेक चाक ठेवत पलीकडे गेली. “काकू, तुम्ही आधी चालवलीय का?” असे त्या मुलाने विचारले, तेव्हा त्यांनी “संसार चालवलाय” असे उत्तर दिले आणि मेहुणींनी ते मोबाइलवर टिपून घेतले. मी आणि साडू मागच्या आडव्या बाकांवर, पितळी डब्यातल्या सुपारीसारखे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आदळत होतो.

जीपमधून उतरल्यावर पुरते सरळ उभे राहण्यापूर्वीच आम्हांला नेमबाजीच्या जागी नेण्यात आले. मागे मातीचा उंच बांध, त्यापुढे कागदी लक्ष्ये आणि दहा मीटरवर टेबले. हाती दिली ती एअर रायफल. नळी मधोमध मोडून आतली स्प्रिंग दाबायची आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बसवायचा. भरलेली असो वा रिकामी, बंदूक माणसाकडे वळवायची नाही आणि नेम लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवायचे, हे नियम सांगताना तो मुलगा प्रथमच कठोर झाला आणि ते मला आवडले.

येथे आमच्या साडूंची छाती फुगली. नेमबाजी हा कोल्हापूरचा घरचा विषय आहे, असे ते सकाळपासून सांगत आले होते. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचे ब्राँझ पटकावले. या तिघांच्या वतीने साडूंनी रायफल उचलली. मी त्यांना इतकेच सांगितले की, ऑलिंपिकचे ब्राँझ आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्येच आणलेले आहे, आणि नेमाचेच म्हणाल तर साताऱ्याची अदिती स्वामी २०२३मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली आहे, तीही पन्नास मीटरवरून. जिल्ह्यांची अब्रू अशी पणाला लागल्यावर साडूंनी पहिला छर्रा मातीच्या बांधात घातला आणि बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, सरकली असल्याचे जाहीर केले.

माझी अडचण निराळी होती. नेम धरताना डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणायची असतात. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. म्हणून माशी स्पष्ट पाहावी आणि लक्ष्य थोडे धूसर राहू द्यावे, असे शास्त्र आहे. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. त्यात खालून जवळचे, वरून लांबचे आणि मधल्या पट्टीतून संगणकापुरते दिसते. माशी पाहण्यासाठी मान वर करावी तर गाल रायफलच्या दस्त्यावरून सुटतो, आणि गाल टेकवावा तर लक्ष्य लख्ख दिसून माशी नाहीशी होते. त्यातच श्वास अर्धा सोडून रोखायचा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये चाप ओढायचा, असे सांगण्यात आले. जीपमधून नुकत्याच उतरलेल्या माझ्या हृदयात त्या वेळी दोन ठोक्यांच्या मध्ये मोकळी जागाच नव्हती. दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, ही माहिती मला त्या क्षणी द्यायला नको होती.

कागद जवळ आणून पाहिले, तेव्हा माझा कागद जवळजवळ कोरा होता. सौ.च्या कागदावर मात्र त्यांनी मारलेल्या छऱ्यांपेक्षा एक भोक जास्त निघाले आणि ते मध्याच्या सर्वांत जवळ होते. तो छर्रा कोणाचा, याविषयी मला शंका नव्हती. तरीही गुण त्यांच्या खात्यावर पडले आणि ‘आजचा उत्कृष्ट नेमबाज’ म्हणून त्यांना टोपी मिळाली.

जेवणात तांबडा रस्सा, सुके मटण आणि भाकरी होती, आणि लगेच पुढे कुंभार्ली घाटाची वळणे होती. याहून अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

गरम पाण्यासाठी घाट उतरण्याचे कारण असे की, या झऱ्यांची रांग सह्याद्रीच्या पश्चिमेला, कोकणपट्टीत आहे. पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते, खोली वाढेल तसतसे तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. त्यासाठी ज्वालामुखी जागा असावा लागत नाही. कोयनेचे पाणीही असेच बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडतात आणि त्याची वीज होते. आमचे काय होणार, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीला पोहोचेपर्यंत कळले नव्हते.

आरवलीच्या कुंडाचे पाणी चाळिशीच्या आसपास असते. जवळच्याच तुरळला ते साठीच्या घरात जाते, या मानाने आम्ही सौम्य ठिकाणी आलो होतो. मधे भिंत, अलीकडे पुरुष आणि पलीकडे स्त्रिया. गंधकाचा वास, कठड्यावर वाळत घातलेले पंचे आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलेले दोन-तीन स्थानिक वृद्ध. मी अंगठा बुडवला आणि काढला. “हळूहळू वो. पानी कुठं पळतंय?” असे एक आजोबा डोळे न उघडता म्हणाले. चाळीस अंश हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. परंतु शरीर सदतिसाचे असते, त्यामुळे आतली उष्णता बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत येऊ लागते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि एकाएकी उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. जीपच्या लोखंडाने कोपरावर काढलेली साल प्रथम झोंबली. नंतर एकेक सांधा आपापले गाऱ्हाणे सोडून देऊ लागला, आणि पत्रक छापणाऱ्याला मी मनातल्या मनात क्षमा करण्याच्या बेतात आलो.

एवढ्यात शिट्टी वाजली. कुंडाची वेळ संपली होती. जपून उठावे म्हणून मी टॉवेलसाठी हात लांबवला, तर साडूंनी सांगितले की, दोन्ही जोडप्यांचे टॉवेल मेहुणींच्या पिशवीत आहेत आणि पिशवी भिंतीपलीकडे आहे. साडूंना ही माहिती शांतपणे देता आली, कारण ते अजून कठड्यावरच कोरडे बसून होते. मी भिंतीकडे तोंड करून “अगं ए!” अशी हाक मारली. पलीकडून एकाच वेळी चार आवाज आले, “काय हो?” त्यांपैकी कोणता आमचा, हे मला ओळखता आले नाही. थोड्या वेळाने पलीकडून “अहो, टॉवेल हवाय का?” असा प्रश्न आला आणि कुंडातले सर्व पुरुष, आजोबांसकट, “हो” म्हणाले.

“थांबा, टाकते,” असे शब्द ऐकू आले, आणि हा आवाज मात्र निश्चितपणे दुपारी टोपी मिळवलेल्या बाईंचा होता. भिंतीवरून टॉवेल उडाला, हवेत उलगडला आणि कुंडाच्या बरोबर मध्यभागी पडून बुडाला.

साडूंनी भिंतीपलीकडे ओरडून सांगितले, “वहिनी, दहापैकी दहा!”