‘गावकरी हटवा, जंगल वाचवा’ म्हणे!

दोन दिवसांपासून आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज फिरून राहिलाय: जंगल गावकरीच तोडतात, जंगल राखायच्या प्रोजेक्टमधे त्यांना भागीदार केलं की पैसा पाण्यात, म्हणून सगळं फॉरेस्टवाल्यांवर सोडा. काका, तुम्हीपण पाठवलात म्हणून लिहितोय, राग मानू नका.

पहिलं, ‘भागीदार केलं’ हेच कुठे खरंय? जंगल राखायला गावांना सोबत घ्या म्हणणाऱ्या 1990 च्या केंद्राच्या सर्क्युलरनंतर गावोगावी वनसमित्या निघाल्या, पण कितीतरी ठिकाणी सचिव खात्याचाच माणूस, कुठली रोपं लावायची ते वरूनच ठरलेलं, अन गावाच्या वाट्याला खड्डे खणायची मजुरी आणि रजिस्टरवर अंगठा. ही भागीदारी असेल तर लग्नातला वाढपीपण वधूपक्षाचाच म्हणा.

‘खात्यावर सोडलं की जंगल वाढतं.’ बंगालात मिदनापूरजवळ आराबारीचं सालवृक्षांचं जंगल खात्याकडेच होतं ना, तरी उजाड झालं. मग 1972 च्या सुमारास अजितकुमार बॅनर्जी नावाच्या वन अधिकाऱ्यानं 11 गावांतल्या 618 कुटुंबांना सांगितलं की तुम्ही राखा, काम घ्या, विक्रीतले 25 टक्के तुमचे, आणि त्याच लोकांनी पहारा देऊन 1,272 हेक्टर परत हिरवं केलं. खातं नकोच असं मी म्हणतच नाहीये, बॅनर्जी खात्याचेच होते!

‘अडाण्यांना हिशोब जमत नाही’ हे वाचून तर डोकंच फिरलं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा, गोंडांचं छोटंसं गाव, 2009 मधे साधारण 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (म्हणजे ते जंगल राखायचा-वापरायचा अख्ख्या गावाचा हक्क) मिळाला, 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावाला विकता येणाऱ्या मालात, धरलेला असूनही खातं तो बाहेर न्यायला वाहतुकीचा पास देईना, शेवटी एप्रिल 2011 मधे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा त्या वाहतूक-पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. म्हणजे अडलं होतं कुणामुळे? हिशोबामुळे तर नाही.

एनजीओवाले पैसे खातात म्हणे. खात असतील काही, त्यांचं ऑडिट करा की, गावाला कशाला हटवता?

आता अतिक्रमण. ते आहे, नाही कसं म्हणू, बुऱ्हाणपूरकडे जंगल साफ झालं ते आपण सगळ्यांनीच वाचलं. पण 2023 मधे ‘ही तोड थांबवा’ म्हणत तिथल्या कलेक्टर ऑफिससमोर जाऊन बसले ते कोण होते? तिथलेच आदिवासी. मेसेजमधे नेमकं तेवढंच नाहीये. काका, पुढे पाठवलात तर ही एक ओळ खाली जोडाल का?