लाकडी खांब काँक्रीटमध्ये गाडा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गोराईचा माझा मामा घरापुढे पडवी काढतोय. सुतार ठरला, पत्रे ठरले आणि परवा रात्री त्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, 'वाचा आणि पैसे वाचवा', खाली लगेच आठ जणांचे अंगठे. मी तोच फॉरवर्ड याआधी सोसायटीच्या ग्रुपवर पाहिला होता आणि सोडून दिला होता, पण आता मामा सुताराला सांगून बसलाय की ते मेटलचे बेस कॅन्सल कर, म्हणून हे लिहावं लागतंय.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात. एक, आपले पूर्वज लाकडी खांब जमिनीत गाडायचे, वाडे अजून उभे आहेत, मेटल पोस्ट बेस म्हणजे कंपन्यांची लूट. दोन, खांबाच्या टोकाला जळकं ऑइल आणि वर डांबर लावा, दोन फूट काँक्रीटमध्ये गाडा, ५० वर्षं बघायला नको. तीन, काँक्रीट लाकूड कोरडं ठेवतं, वाळवीही येत नाही. चार, मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडी बेस दोन पावसाळ्यांत गंजतो. पाच, बेस चार बोल्टवर उभा, वादळात उडणार.

मेटल पोस्ट बेस म्हणजे काय तर जाड पत्र्याचा यू आकाराचा ब्रॅकेट, खाली काँक्रीटला बोल्टने पक्का, वर खांब त्याच्या दोन कानांमध्ये बसतो आणि आरपार बोल्ट जातात. चांगल्या बेसमध्ये खांबाचं बूड काँक्रीटला टेकत नाही, साधारण इंचभर वर राहतं. सगळी गोष्ट त्या इंचभर जागेत आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमका तिचाच उल्लेख नाही.

पूर्वजांपासून सुरू करू, कारण मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा आलाय. ज्याने हे लिहिलं त्याने वाड्याचा खांब कधी खालून बघितलाय का? वाड्याचा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, तळखडा जोत्याच्या फरसबंदीच्या वर येतो, खांबाच्या बुडाला काढलेलं कुसू, म्हणजे पुढे आलेला खुंट, तळखड्यातल्या खाचेत बसतं, झालं. लाकूड मातीला लागतच नाही. पाणी सांडलं, अंगण धुतलं, पावसाची झड आत आली तरी ते दगडावरून निघून जातं आणि बूड सुकतं. म्हणजे पूर्वजांनी दगडात जे केलं तेच हा बेस लोखंडात करतो, आणि हा माणूस पूर्वजांच्याच नावाने उलटं सांगतोय! मांडवाचे नाहीतर गोठ्याचे खांब गाडायचे, हे खरं आहे, पण ते काही वर्षांनी बदलायचे हे गृहीत धरूनच गाडलेले असायचे.

आणि मामा, पुरावा तुझ्या घरात पडलाय रे. ओशिवऱ्याहून तू जे चार जुने बर्मा टीकचे खांब आणलेस, त्यांचे फोटो तूच टाकलेस ना? तिसरा फोटो मोठा करून बघ. बुडाच्या मधोमध बोटभर उंचीचं चौकोनी कुसू आहे, त्याच्या भोवती दगडावर टेकून पडलेला काळपट वण आहे आणि कुसवाच्या कडा अजून काटकोनात आहेत. एवढ्या वर्षांनी कडा शाबूत. हा खांब गाडलेला असता तर ओशिवऱ्यापर्यंत पोचलाच नसता.

आता ५० वर्षं. हा आकडा कुठून आला विचारलं तर ग्रुपवर कोणी बोलत नाही, म्हणून मी एक आकडा देतो जो कागदावर आहे. लाकूड टिकवण्याबद्दलचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस ४०१. त्यात लाकडांचे टिकाऊपणाचे वर्ग दिलेत, आणि ते देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वगैरे झालेल्या चाचण्यांवरून. चाचणी एकदम साधी, गाभ्याच्या लाकडाचे ६० सेंटीमीटर लांब, ५ बाय ५ जाडीचे तुकडे अर्धे जमिनीत पुरायचे आणि किती वर्षांत बुरशी आणि वाळवी त्यांना संपवते ते बघायचं. तिचं नावच ग्रेव्हयार्ड टेस्ट आहे! सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने दुसरा, ६० महिन्यांच्या आत गेलं तर तिसरा. सागवान पहिल्या वर्गात, आंबा आणि सावर तिसऱ्या. परत वाचा, सगळ्यात वरच्या वर्गाची पात्रता १० वर्षं आहे, ५० नाही. मान्य, तुकडे बारीक असतात आणि सहा इंची खांब त्याहून जास्त टिकेल, पण हे आकडे नुसत्या गाभ्याचे आहेत, आणि सागाचंसुद्धा बाहेरचं पांढरं लाकूड टिकाऊ नसतं. फॉरवर्डमध्ये तर 'कोणतंही लाकूड चालेल' असं लिहिलंय. म्हणजे पॅकिंगच्या पेट्यांचं पाइनसुद्धा, वा!

आणि ते जळकं ऑइल. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, घातक आहे. गॅरेजमधून काढलेलं वापरलेलं इंजिन ऑइल आपल्याकडे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येतं, त्यात इंजिनच्या झिजेतून आलेले जड धातू असतात, जळून तयार झालेली अशी रसायनं असतात ज्यांचा संबंध कॅन्सरशी लावला जातो. ते फोडणीच्या तेलासारखं ब्रशने उघड्या हाताने लावायचं आणि मग जमिनीत पुरायचं, जिथे मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ते तिथेच थांबेल असं वाटतं का? मामाची विहीर खांबांपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मामी त्याच पाण्यावर भाजी लावते. एवढं करून फायदा काय, तर ते ऑइल लाकडात खोल शिरतही नाही, वरवर राहतं. लाकडाला आतपर्यंत औषध पाजायचं तर कारखान्यात प्रेशर ट्रीटमेंट करतात, बंद टाकीत दाब देऊन, ते ब्रशने होत नाही. आणि डांबराचं आवरण कुठेतरी तडकतंच, तिथून पाणी आत जातं आणि बाकी डांबर ते बाहेर पडू देत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. काँक्रीट सच्छिद्र असतं, जमिनीतली ओल वर ओढतं. ओलं-सुकं होताना लाकूड फुगतं आणि आकसतं, त्यामुळे काही महिन्यांत खांब आणि काँक्रीट यांच्यात केसाएवढी फट पडते, पाऊस त्यातून उतरून खाली साचतो. खांबाचं कापलेलं टोक बाजूंपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं, आणि तेच टोक आपण खड्ड्याच्या तळाशी ठेवतो. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते, लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर तिचं काही चालत नाही, पण जमिनीच्या रेषेला ओल आणि हवा दोन्ही फुकट मिळतात. म्हणून गाडलेला खांब तिथेच मोडतो. खात्री करायची तर गावात कुठलाही जुना गाडलेला खांब शोधा, छातीच्या उंचीवर ठोका, टणटण वाजेल, मग जमिनीलगत स्क्रू ड्रायव्हर टोचा. वाळवीला तर ती फट म्हणजे बाहेरून न दिसणारा जिनाच. उघड्या बेसवर निदान तिची मातीची नळी दिसते तरी, झाडूने पाडता येते.

गंजाचं मात्र, नाइलाजाने सांगतो, अर्धं खरं आहे. गोराईला खाडी एका बाजूला आणि समुद्र दुसऱ्या बाजूला, तिथे पातळ चकचकीत प्लेटिंगचा बेस लावला तर तो लवकरच तांबडा होणार. नुसत्या एमएसला, म्हणजे साध्या लोखंडाला, सिल्व्हर पेंट मारून 'जीआय आहे', म्हणजे जस्त चढवलेलं आहे, म्हणून गळ्यात मारणारे पण भेटतात. म्हणून हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला घ्यायचा, किंवा पैसे असतील तर स्टेनलेस स्टीलचा, त्यातही ३१६ ग्रेडचा, ३०४ नको, समुद्राजवळ त्याच्यावरही तपकिरी डाग येतात. फॅब्रिकेटरकडून बनवून घेत असाल तर आधी कापणं, भोकं, वेल्डिंग सगळं उरकायचं आणि मग डिपला पाठवायचं, कारण नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. बोल्टही त्याच जातीचे. पण मुख्य गोष्ट अशी की बेस गंजला तर दिसतो, बदलता येतो, खांबाला जॅक लावून अर्ध्या दिवसाचं काम आहे. गाडलेलं लाकूड कुजलं की अख्खा खांब जातो, आणि बर्मा टीक घनफुटाला काय भावाने मिळतं ते मामाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

राहिलं वादळ. इथेही फॉरवर्डवाल्याला निम्मे मार्क द्यावे लागतील. साधा पोस्ट बेस खांबाला खाली धरतो, सरकू देत नाही, उचलू देत नाही, पण एकट्या खांबाला ताठ उभं ठेवणं त्याचं काम नाही. कुंपणाचा किंवा गेटचा सुटा खांब अशा बेसवर लावला तर तो हलणारच, तिथे सरळ सिमेंटचे किंवा दगडी खांब लावा. पडवीचं तसं नाही, वरून तुळया आणि घराची भिंत खांबांना बांधून ठेवतात, कोपऱ्यांत तिरपे आधार दिले की झालं. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आहे आयएस ८७५, त्यात वाऱ्यासाठी मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटर, आणि २०२१ च्या तौक्तेत कोणाचे पत्रे कुठे सापडले ते गोराईकरांना सांगायला नको. पत्र्याच्या छपराला वारा खालून उचलतो, त्यामुळे बोल्ट महत्त्वाचे. काँक्रीट ओततानाच इंग्रजी J आकाराचे बोल्ट त्यात सोडले तर उत्तम, नंतर ड्रिल करायचं तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट, भोकातली धूळ फुंकून साफ करून, आणि काठापासून लांब, नाहीतर काठ फुटतो. बेसखालचा काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या सहाएक इंच वर काढा आणि माथ्याला उतार द्या.

आणि दादरच्या ताईने खाली विचारलंय की गच्चीवर पर्गोला करायचाय, हेच बेस चालतील का. चालतील, पण गच्चीला कोबा, म्हणजे स्लॅबवरचा वॉटरप्रूफिंगचा थर, असेल तर फास्टनर कोब्यात धरत नाही, आणि स्लॅबपर्यंत ड्रिल केलं तर वॉटरप्रूफिंग फुटून खालच्यांच्या छताला पाणी. आधी सोसायटी आणि इंजिनीअर, मग ड्रिल मशीन.