जव्हारचा फोटो कसा असावा, हे कोण ठरवणार?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांची जोडी मराठी वृत्तपत्रांत आली की पाठोपाठ ‘कुपोषण’ हा शब्द येतोच. १९९२ मध्ये वावर-वांगणीत मुलं दगावली, त्यानंतर या भागाचा एक ठरावीक फोटो आपल्या डोळ्यांत बसला. कुडाची भिंत, आईच्या मांडीवर हडकलेलं मूल, आणि कॅमेऱ्याकडे बघणारे तिचे डोळे. बातमी खरी होती, ती छापणं गरजेचंच होतं. पण त्या आईला ‘तुझा फोटो कसा काढू?’ असं कोणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. एक पिढी उलटली तरी आपल्याला जव्हारचा माणूस दिसतो तो असाच, मदतीची वाट बघत बसलेला.

म्हणून छायाचित्रकार गौरी गिल यांच्या ‘ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या फोटोमालिकेबद्दल लिहावंसं वाटतंय. मराठीत तिच्याविषयी फारच कमी बोललं गेलंय.

बोहाडा, म्हणजे या भागातला मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रात्रभर संबळ वाजतो आणि एकेक सोंग येतं. गणपती येतो, सरस्वती येते, राक्षस येतात. ठरलेले देव, ठरलेले मुखवटे, ठरलेली चाल. जव्हारचे धर्मा कडू म्हणजे हे मुखवटे घडवणारे नावाजलेले कारागीर. गिल यांनी २०१५ च्या सुमारास त्यांच्या मुलांना, सुभाष आणि भगवान कडू यांना, एक वेगळीच विनंती केली. देवादिकांचे मुखवटे नकोत, आजच्या जगण्याचे करा. मग कागदाच्या लगद्यातून माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वस्तूंचे मुखवटे तयार झाले. कोणाच्या चेहऱ्यावर राग, कोणाच्या चेहऱ्यावर म्हातारपण. कडू कुटुंबीयांनी आणि आसपासच्या कोकणा-वारली लोकांनी ते घातले आणि आपापल्या घरात, गावात, रोजच्या कामांत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. प्रसंग रचलेले आहेत, पण जागा खऱ्या, कपडे खरे, हातपाय खरे.

पहिल्यांदा बघताना गंमत वाटते. थोडं थांबून पाहिलं की नजर हातांकडे जाते. मुखवट्याखालचा तो हात रोज काम करणारा आहे, हे लगेच कळतं. या माणसांनी चेहरा झाकला आणि त्याबरोबर आपण जे बघायला आलो होतो तेही झाकलं. दया वाटावी असा चेहराच समोर नाही. कणव दाखवून पुढे सरकायची सोय उरत नाही, तेव्हा हा माणूस कोण, काय करतोय, त्याला काय सांगायचंय, हे बघत थांबावं लागतं.

हा फरक लहान नाही. या देशात कॅमेरा आला आणि काही वर्षांतच तो माणसांची वर्गवारी करायला वापरला गेला. १८५७ नंतर इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५ या काळात. जाती-जमातींचे नमुने म्हणून माणसं उभी केली आणि खाली त्यांच्या स्वभावाबद्दल वाटेल ते लिहिलं. आदिवासी भागात काढलेल्या आजच्या कितीतरी फोटोंमध्ये मला तीच सवय दिसते, मग फोटो काढणारा आपलाच का असेना.

अर्थात प्रश्न राहतातच. गिल दिल्लीच्या. हे काम २०१७ मध्ये डॉक्युमेंटा या युरोपातल्या मोठ्या प्रदर्शनात लागलं, २०१८ मध्ये न्यूयॉर्कला मोमा पीएस वन या कलासंग्रहालयात. कडू बंधूंचा उल्लेख होतो, पण काम ओळखलं जातं ते गिल यांच्या नावाने. मला हे खटकतं. मुखवटा घडवणारा, तो घालून उभा राहणारा आणि फोटो काढणारा, यांत कर्ता एकच कसा?

याचं जास्त चांगलं उत्तर गिल यांच्याच दुसऱ्या कामात आहे. ‘फील्ड्स ऑफ साइट’, २०१३ पासूनचं. डहाणू तालुक्यातलं गंजाड, म्हणजे नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. तिथले वारली चित्रकार राजेश वांगड यांनी गिल यांना आपल्या आठवणींतल्या जागा दाखवल्या. फोटो निघाले, पण त्यात नुसतं माळरान, झाडं आणि उभा असलेला एक माणूस. वांगड जे सांगत होते त्यातलं काहीच त्यात उतरलं नव्हतं. मग त्या कृष्णधवल फोटोंवर वांगड यांनी स्वतः चितारलं. देव आले, जंगल आलं, तोडलेलं जंगल आलं, माणसांची भांडणं आणि कारखाने आले. कॅमेऱ्याला जो माळ मोकळा दिसला, तो वारली रेषांनी गच्च भरून गेला. इथे नावं दोघांची लागतात, गिल आणि वांगड. हे काम मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. आठवण ज्याची, त्याचाच हात फोटोवर फिरलाय.

आणि हे सगळं आज का लिहायचं, तर डहाणूसाठी. १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला हा तालुका. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. जिल्ह्यातून बुलेट ट्रेन जाते आहे. किनारा बदलणार, गावांच्या वाटा बदलणार. त्याचे ड्रोनमधून घेतलेले फोटो भरपूर निघतील, सरकारचे आणि कंपन्यांचे. त्या उंचीवरून माळ मोकळाच दिसतो. आंदोलनाचे फोटोही निघतात, मूठ वळलेले, घोषणा देणारे. तेही हवेत. पण वाढवण-वरोरच्या मच्छीमाराला आपला समुद्र कसा आठवतो, कुठल्या खडकापाशी कुठला मासा मिळतो, चिकूच्या वाडीत कोण कोण राबलं, हे त्याच्याशिवाय दुसरं कोणी फोटोत आणू शकणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पालघर जिल्हा होऊन दहा वर्षं उलटली. जिल्ह्याने आपला फोटोसंग्रह उभा करावा, आणि तो बाहेरून छायाचित्रकार बोलावून नव्हे, गावातल्या माणसांना सोबत घेऊन. फोटोखाली माणसाचं नाव असावं, त्याची परवानगी असावी, त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच बोलीत असावी. जव्हारचे मुखवट्यांचे फोटो आणि गंजाडची ती चित्रं मोठ्या आकारात छापून जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये लावावीत, मराठी मजकुरासह.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडचे जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी घरातल्या जुन्या फोटोंमागे एवढं लिहून ठेवाच: कोण, कुठे, कोणत्या साली. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून लिहा, नंतर सांगणारं कोणी उरत नाही. आणि बोहाड्याचे, लग्नाचे, भातलावणीच्या दिवसांचे फोटो कोणाकडे असतील, तर ज्यांचे आहेत त्यांना विचारून खाली कमेंटमध्ये टाका.