सड्यावर गोल्फ आणायचाय ना?

तुमच्या सड्याच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळमाळाच्या, सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी) लिहिलं असेल तर रडत बसू नका, तुमचं नशीब उघडलंय. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरही समुद्र आणि शेतं यांच्या मधे अशीच वाळवट, नापीक पट्टी होती. मेंढ्या चरण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. गोल्फ तिथेच वाढला. आपण मात्र किनाऱ्याला सुरूची झाडं लावली आणि सड्यावर गुरं सोडली. करंटेपणा, दुसरं काय!

भावकी आडवी येईलच. म्हणेल, हे रिकामटेकड्यांचे धंदे. तेव्हा चिडू नका, कारण 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेचंही हेच मत होतं. लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू बडवत हिंडतात म्हणून तिने गोल्फवर बंदी घातली. पुढे 1471 आणि 1491 मध्येही घालावी लागली, यावरून पहिलीला कोण किती भ्यालं ते समजा. शेवटची बंदी चौथ्या जेम्स राजाच्या काळातली. याच राजाने 1502 मध्ये स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या घेतल्या, त्याही धनुष्यं बनवणाऱ्या कारागिराकडून! भावकीला एवढं सांगा. निम्मे तरी हिस्सा मागायला येतील.

नियमांचा बाऊ नको. 1744 साली स्कॉटलंडमधल्या लीथला ते लिहिले गेले तेव्हा अवघे तेरा होते. आता पोथी जाड झाली आहे, पण तिच्यात आपली सोय आहे. समजा, तुमचा चेंडू करवंदीच्या जाळीत गेला. शोधायला फक्त तीन मिनिटं. तुम्ही वाकून हात घालणार, तोच गुरांमागचा पोर ओरडतो, "थंय हात घालू नको, फुरसा आसा!" गडबडू नका. विषारी सापाजवळ चेंडू पडला तर दंडाशिवाय दुसरीकडे टाकून खेळता येतो, असा नियमच आहे. फुरशाने तो वाचलाय का, याची चौकशी दुरूनच करावी.

खरी अडचण हिरवळीची. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पडतो आणि जांभ्यावरून थेट समुद्र गाठतो. एप्रिल-मेमध्ये वाडीत टँकर येतो तेव्हा कोरडा घसा कुणाचा, हे आधी ठरवा. बायका हंडे घेऊन थांबू शकतात, गवत थांबत नाही. माती बाहेरून आणून ओता. खाली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या हत्तीसारखं एखादं कातळशिल्प गाडलं गेलं तर हळहळू नका. हजारो वर्षं उघड्यावर उन्हात पडलंय बिचारं, मिळू दे पांघरूण.

एक गोष्ट मात्र वाडीत फुटू देऊ नका. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचं सगळ्यात जुनं गोल्फ मैदान आजही सार्वजनिक जमीन आहे, आणि एरवी रविवारी तिथे खेळ बंद ठेवून गावकरी कुत्री घेऊन फिरतात. म्हणून गडगा आधी घाला, वर काटेरी तार ओढा, पाणंद बुजवा. सभासदत्वाची पत्रकं त्यानंतर छापा.